वेणीतली लाट : मराठी केशभूषेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

डहाणू तालुक्यातील वरोर हे समुद्रकाठचे गाव. चिंचणी आणि वाढवण ही त्याची शेजारगावे. ह्या पट्ट्यातील हवा वर्षातील बराच काळ दमट असते, आणि न्हाल्यावर केस वाळायला येथे वेळ लागतो. घाईच्या घरात केस पुरते वाळण्याची वाट कोण पाहणार? अर्धओल्या केसांचीच वेणी घातली जाते आणि दिवस सुरू होतो. संध्याकाळी वा दुसऱ्या दिवशी ती वेणी सोडली, की मुळात सरळ असलेल्या केसांत मानेपासून टोकापर्यंत एक संथ वळण उतरलेले दिसते. फणी फिरली की ते विस्कटते, पाणी लागले की नाहीसे होते. ह्या वळणाला मराठीत रूढ असे स्वतंत्र नाव नाही. आज मात्र हेच वळण मुद्दाम आणण्याच्या झटपट युक्त्या मुली हातातल्या फोनवर शिकतात, त्यासाठी तापणारे चिमटे विकत घेतात, आणि लग्नसमारंभात 'सॉफ्ट वेव्ह्ज' करून देण्याचे पैसे मोजले जातात.

ह्या विषयाकडे वळावेसे वाटले ते ह्या विसंगतीमुळे. जी गोष्ट मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या आपोआप घडत होती तिला नाव का मिळाले नाही? आणि जिला नावही नव्हते तिची एवढी हौस अचानक कोठून आली? आम्ही मराठीचे अध्यापक. केशरचनेचे जाणकार नव्हे. परंतु शब्द, नाटक, कादंबरी आणि चित्र ही आमच्या अभ्यासाची साधने आहेत, आणि ह्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी त्यांतच दडलेले आहे असे आम्हांस वाटते.

लाट येते कुठून?

प्रथम वस्तुस्थिती. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. ह्या प्रथिनाच्या लांबलचक साखळ्या एकमेकींशी अनेक प्रकारच्या बंधांनी जोडलेल्या असतात. त्यांतील हायड्रोजन बंध दुबळे. पाण्याने ते सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. गंधकाचे बंध मात्र बळकट. ते पाण्याने सुटत नाहीत, त्यांना रसायनच लागते. ओला केस ज्या आकारात वाळेल त्या आकारात त्याचे दुबळे बंध नव्याने जुळतात, आणि तो आकार पुढचे पाणी लागेपर्यंत टिकतो. वेणीची लाट ती हीच. उष्णतेनेही हेच बंध सैल होतात आणि थंड होताना पुन्हा बसतात, म्हणून तापलेला चिमटा काम करतो. इंग्लंडमधील लीड्स येथे विल्यम ॲस्टबरी ह्यांनी १९३०च्या दशकात लोकर आणि केस ह्यांवर क्ष-किरणांचे प्रयोग केले, आणि ताणलेल्या केसात प्रथिनाची घडी कशी उलगडते हे दाखवले. तोपर्यंत ह्या गोष्टीला शास्त्राचा आधार नव्हता, अनुभवाचा होता.

ह्यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. जी हवा केस वाळू देत नाही, तीच आलेली लाट टिकूही देत नाही. वरोरच्या किनाऱ्यावरील दमटपणात केस हवेतले पाणी शोषून घेतो आणि वळण काही तासांत ढिले पडते. सोलापूरच्या कोरड्या हिवाळ्यात तेच वळण अधिक काळ राहते. सौंदर्याच्या कल्पनांना भूगोल असतो, असे आपण वर्गात सांगतो. येथे तो शब्दशः आहे.

शब्दांची साक्ष

आता शब्दांकडे वळू. मराठीत केसांसाठी शब्दांची कमतरता नाही. 'कुरळे' हा तर फार जुना शब्द. प्राकृतात 'कुरुल' आहे, आणि तमिळ व कन्नड भाषांत 'कुरुळ' ह्या रूपात त्याची भावंडे आढळतात. दक्षिणेशी आपल्या भाषेचे जे खोल नाते आहे, त्याचा एक पुरावा असा आपल्या कपाळावरच्या बटेत सापडतो. संस्कृतातून 'कुंतल' आणि 'अलक' आले. अमरकोशाने 'अलक' ह्या शब्दाबरोबर 'चूर्णकुंतल' हा पर्याय ठेवला आहे. मेघदूतातील यक्षांच्या नगरीचे नाव 'अलका' आहे, हेही येथे आठवावे. कपाळावर येणारी वळणदार बट ही संस्कृत काव्यात इतकी स्थिर झालेली होती, की तिच्याशी नगरीच्या नावाचाही संबंध रसिकाच्या मनात सहज जुळावा.

विशेषणांची कथा याहून रंजक आहे. 'कुटिल' आणि 'वक्र' हे शब्द मनाला लावले तर दोष, आणि केसांना लावले तर गुण! संस्कृत कवींनी ह्या श्लेषाचा भरपूर लाभ घेतला. काश्मीरच्या कुंतकाने तर 'वक्रता' हेच काव्याचे जीवित मानले. नेहमीच्या सरळ वाटेने न जाणारी उक्ती ती काव्य, हा त्याचा सिद्धान्त साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. सरळपणा हा आचरणाचा आदर्श आणि वक्रता हा सौंदर्याचा, अशी वाटणी ह्या परंपरेने करून टाकलेली दिसते. सरळ केसांच्या स्त्रीला ह्या वाटणीत थोडे कमीच मिळाले, हे खरे.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. कुरळे, कुंतल, अलक हे सारे शब्द निसर्गतः वळलेल्या केसांचे, किंवा कपाळावरच्या आखूड बटांचे आहेत. पाठीवर मोकळ्या सोडलेल्या लांब केसांतील सैल लाटेसाठी आपला शब्द कोणता? 'लहर' हा शब्द लाटेसाठी आहे. पण 'लहरी' म्हटले की मराठी माणसाला केस आठवत नाहीत, स्वभाव आठवतो. उलट मोकळ्या केसांसाठी जे शब्द बोलीत आहेत त्यांचा सूर पाहा : 'झिपऱ्या', 'झिंज्या', 'जटा', 'पिंजारलेले'. ह्यांतील एकही शब्द कौतुकाचा नाही. भाषेने येथे आपला निर्णय देऊन ठेवला आहे. वळण मान्य होते; मोकळेपणा मान्य नव्हता.

बांधलेले आणि सुटलेले

'वेणी' ह्या शब्दात मोठी गंमत आहे. तो केसांच्या गुंफणीचा आहे, फुलांच्या माळेचाही आहे आणि पाण्याच्या प्रवाहाचाही. 'त्रिवेणी' म्हणजे तीन प्रवाहांचा संगम, आणि तीन पेडांची वेणी हेही तेच रूप. केस आणि पाणी ह्यांची जवळीक अशी शब्दातच बांधली गेली आहे.

हाल सातवाहनाच्या नावे असलेल्या 'गाथासप्तशती'त ह्याच जवळिकीची एक अपूर्व कल्पना येते. न्हाऊन बाहेर आलेल्या सावळ्या तरुणीच्या लांब केसांतून पाणी ठिबकते आहे. कवीला वाटते, आता आपल्याला पुन्हा बांधले जाणार ह्या भीतीने केस रडत आहेत. ही महाराष्ट्री प्राकृतातील गाथा. जोगळेकरांनी १९५६ साली सिद्ध केलेल्या मराठी आवृत्तीमुळे ती आपल्या विद्यार्थ्यांच्या हाताशी आहे. सातवाहन आणि क्षत्रप ह्यांच्या त्याच कालखंडात नाशिकच्या लेण्यात कोरलेल्या उषवदाताच्या लेखात 'दाहनुका' नदीचे नाव येते. डहाणूचा प्रदेश इतिहासात येतो तो त्या सुमारास. म्हणजे महाराष्ट्राच्या पहिल्या लिखित आवाजांतच केसांच्या बांधले जाण्याविषयीची ही हुरहुर नोंदवलेली आहे.

बांधणे आणि सुटणे ह्यांचे अर्थ पुढे पक्के होत गेले. पतीच्या विरहात एकच साधी वेणी घालायची, शृंगार करायचा नाही, हा 'एकवेणी'चा संकेत मेघदूतातील यक्षपत्नीला लागू आहे आणि शाकुंतलातील शकुंतलेलाही. भट्टनारायणाने आपल्या नाटकाचे नावच 'वेणीसंहार' ठेवले. द्रौपदीचे सुटलेले केस हा तेथे अपमानाचा उघडा पुरावा आहे, आणि युद्धाची सांगता तिची वेणी पुन्हा बांधण्यात होते. मोकळे केस म्हणजे शोक, सूड, संकट. बांधलेले केस म्हणजे सुस्थिर संसार. मराठी घरातील 'तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नयेत' ही ताकीद ह्याच अर्थव्यवस्थेतून आलेली आहे. अंगात आलेल्या बाईचे केस सुटतात, घरंदाज बाईचे सुटत नाहीत, असा तो हिशेब.

आता आमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. वेणी सोडल्यावर दिसणारी लाट ही वेणी सोडण्याच्या आणि पुन्हा घालण्याच्या मधल्या थोड्या वेळेपुरतीच होती. ती न्हाणीघरात, माजघरात, आरशापुढे दिसे, आणि लगेच फणीखाली नाहीशी होई. तिला पाहणारे डोळे घरातल्या स्त्रियांचे. ज्या गोष्टीला चारचौघांत जागा नाही तिला नाव कोण देणार?

न्हाव्याचा वस्तरा

केसांवरील हक्काची कथा सांगताना महाराष्ट्राला एक प्रकरण टाळता येत नाही. ब्राह्मण आणि काही अन्य उच्चवर्णीय कुटुंबांत विधवेचे केशवपन होत असे. केस हे सौभाग्याचे चिन्ह, म्हणून सौभाग्य गेले की केसही जायचे. बांधणे–सोडणे हा प्रश्नच येथे उरत नाही. विषयच मुळासकट संपवला जातो.

ह्या रूढीविरुद्धचा एक उठाव ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी केला, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली, आणि विधवांचे केस उतरवायचे नाहीत असा निश्चय तेथे झाला. सुधारकांनी शास्त्रार्थ केले, लेख लिहिले. ह्या मंडळींनी काम करायचेच नाकारले. श्रम करणाऱ्याने आपल्या हातून होणाऱ्या अन्यायाची जबाबदारी ओळखणे ही घटना कोणत्याही देशाच्या सामाजिक इतिहासात दुर्मिळच.

त्याच वर्षी हरि नारायण आपट्यांच्या 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो?' प्रसिद्ध होऊ लागली. यमूचे बळजबरीने झालेले केशवपन हा त्या कादंबरीचा सर्वांत असह्य भाग आहे. तो वाचताना आपण केसांविषयी वाचत नसतो. एका माणसाच्या स्वतःच्या शरीरावरील हक्काविषयी वाचत असतो. पुढे पार्वतीबाई आठवले ह्यांनी 'माझी कहाणी'त स्वतःच्या वपनाविषयी आणि नंतर केस वाढू देण्याच्या निर्णयाविषयी लिहिले. मराठी स्त्रीच्या आत्मचरित्रात केस वाढवणे ही गोष्ट अशी विचारपूर्वक घेतलेल्या भूमिकेच्या रूपात येते.

हा वारसा डोळ्यांआड करून आजच्या केशरचनांना 'नट्टापट्टा' म्हणून हिणवणे सोपे आहे. परंतु ज्या समाजात सव्वाशे वर्षांपूर्वी केस असणे हीच कित्येकींसाठी दुसऱ्यांच्या मर्जीची गोष्ट होती, तेथे केस कसे असावेत हे स्वतः ठरवणे क्षुल्लक मानता येत नाही.

देवीच्या पाठीवरचे केस

मग मोकळ्या लाटेला चारचौघांत जागा मिळाली ती कशी? आमच्या मते तिचा पहिला सार्वजनिक प्रवेश देव्हाऱ्याजवळच्या भिंतीवर झाला. राजा रविवर्मा ह्यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथून छापून निघालेल्या लक्ष्मी–सरस्वतींच्या तसबिरी मराठी घराघरांत पोहोचल्या. ह्या देवींचे केस पाहा. अंबाडा नाही, खोपा नाही. मुकुटाखालून खांद्यावर आणि पाठीवर उतरलेले, सैल वळणाचे, दाट, काळेभोर केस. युरोपीय तैलचित्रणाची शैली आणि दक्षिणेतल्या स्त्रियांचे प्रत्यक्ष रूप ह्यांच्या मिश्रणातून ते आलेले आहेत. घरच्या सुनेला जे वर्ज्य ते देवीला शोभून दिसत होते, आणि रोज हळदकुंकू वाहताना घरातल्या मुलींच्या डोळ्यांवर तेच रूप ठसत होते.

दुसरा प्रवेश रंगभूमीवर. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणले. तेव्हा आणि पुढे बराच काळ स्त्रीभूमिका पुरुषच करत, आणि त्यांच्या डोक्यावर केसांचा टोप असे. रंगभूमीवरील आदर्श स्त्रीचे केस असे कृत्रिम होते! बालगंधर्वांनी त्या कृत्रिमतेला एवढी प्रतिष्ठा दिली, की प्रेक्षकांतील घरंदाज स्त्रियांनी त्यांच्या लुगड्यांचे, दागिन्यांचे, केशरचनेचे अनुकरण केले. स्त्रीने स्त्रीसारखे कसे दिसावे हे पुरुष नटाकडून शिकावे, ह्यातला विरोधाभास पुष्कळांनी दाखवला आहे. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते : रचलेले सौंदर्य हे 'रचलेले' आहे हे माहीत असूनही मान्य करण्याची सवय मराठी मध्यमवर्गाला रंगभूमीने लावली. गंगावन लावून वेणी लांब करणाऱ्या घरांना ही सवय मुळातच थोडीफार होती.

तिसरा प्रवेश पडद्यावर. 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) मध्ये दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या, 'कुंकू' (१९३७) मध्ये शांता आपटे नीरा. कुलीन, शिकलेल्या स्त्रिया स्वतःच्या चेहऱ्याने आणि स्वतःच्या केसांनी आता लोकांपुढे उभ्या होत्या. त्या दशकातील नट्यांची छायाचित्रे पाहिली, तर देविका राणींसारख्या तारकांच्या भांगाच्या दोन्ही बाजूंना कपाळावर दाबून बसवलेल्या लाटा दिसतात. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणारी पहिली भारतीय नटी म्हणून लीला चिटणीसांचे नाव घेतले जाते. धारवाडकडच्या एका पदवीधर मराठी स्त्रीचा चेहरा साबण विकू लागला, तेव्हा केसांची लाट माजघरातून बाजारात आलेली होती.

चिमट्याचा प्रवास

कपाळावरच्या त्या लाटा मात्र परदेशी कुळीच्या होत्या. पॅरिसमधील मार्सेल ग्रातो ह्या केशकर्त्याने १८७२च्या सुमारास तापवलेला चिमटा उलटसुलट फिरवून केसांत सलग लाटा पाडण्याची पद्धत बसवली. तिला त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. पण ती लाट पाण्याने जाई. कायमची लाट हवी ह्या ध्यासाने जर्मनीतून आलेल्या कार्ल नेसलर ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये एक यंत्र उभारले. क्षार लावलेले केस पितळी नळ्यांवर गुंडाळून ते तापवायचे, असा तो प्रकार. आरंभीचे प्रयोग त्यांनी स्वतःच्या पत्नीच्या डोक्यावर केले आणि त्यांत तिचे केस जळाले, असे सांगितले जाते. शोधाचे श्रेय पतीकडे गेले; किंमत कोणाच्या डोक्यावर पडली हे आपण विसरू नये.

१९२८ साली अमेरिकेत मार्जोरी जॉयनर ह्या कृष्णवर्णीय स्त्रीला केसांना कायमचे वळण देणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. पुढे १९३८ साली उष्णतेऐवजी रसायनाने गंधकाचे बंध तोडून पुन्हा जोडणारी 'थंड' पद्धत आली, आणि आपल्याकडील शहरांत 'पर्म' ह्या नावाने जे रूढ झाले ते ह्याच पद्धतीचे रूप. १९८०च्या दशकात मुंबई–पुण्याच्या ब्यूटी पार्लरांत पर्मचे दिवस होते. २००० नंतरच्या दशकात वारे उलटे फिरले. निसर्गतः वळणदार असलेले केस रसायनाने ताठ सरळ करून घेण्याची लाट आली. आज पुन्हा सरळ केसांत सैल वळणे हवी आहेत. दर वीस वर्षांनी फिरणाऱ्या ह्या चक्रात बदलत नाही ती एकच गोष्ट : जे आहे ते पुरेसे नाही, ही भावना. ती भावना विकणाऱ्यांचा धंदा केस सरळ असले तरी चालतो, वाकडे असले तरी चालतो.

डोक्यावरचे ओझे

हा सारा इतिहास लिहिताना वरोरकडे पुन्हा पाहणे आम्हांस आवश्यक वाटते. कारण रविवर्मा, बालगंधर्व आणि 'प्रभात' ह्यांच्या कथेत डहाणू–तलासरीची स्त्री कोठेच नाही. ती का नाही?

ह्याच डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) ह्यांनी वारली चित्रकला जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रात माणूस म्हणजे दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि काही रेषा. बाई ओळखायची ती डोक्याच्या वर्तुळाला लागून काढलेल्या छोट्या गोळ्यावरून. तो गोळा म्हणजे अंबाडा. स्त्रीत्वाची एवढी एकच खूण त्या चित्रलिपीने निवडली. लग्नाच्या चौकात सूर्य, चंद्र, शिडी ह्यांच्या जोडीला फणीही काढतात. म्हणजे केसांचे महत्त्व तेथे कमी नाही. पण ते केस बांधलेले आहेत.

हे बंधन आणि पांढरपेशा घरातील बंधन एकच नव्हे. डोक्यावर गवताचा भारा, पाण्याचा हंडा किंवा मासळीची पाटी घेणाऱ्या बाईचे केस घट्ट बांधलेलेच लागतात. अंबाडा आणि त्यावरची चुंबळ ही तिच्या कामाची साधने आहेत. कोळीणही अंबाडा घालते, त्यात फुले माळते, आणि त्याच डोक्यावर पाटी उचलते. तिच्या बाबतीत मोकळे केस अशुभ आहेत की नाहीत हा प्रश्न दुय्यम. ते परवडत नाहीत हा पहिला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) ह्या पुस्तकातून डहाणू–तलासरीच्या वारली स्त्रीची वेठ आणि तिचा लढा मराठी वाचकाला कळला. त्या स्त्रीकडे केस वाळवत बसण्याइतकी उसंत कधी होती, हा प्रश्न ते पुस्तक वाचणाऱ्याने स्वतःला विचारावा.

म्हणून मोकळ्या लाटेचा इतिहास हा दोन मुक्तींचा इतिहास आहे असे आम्ही मानतो. एक रूढीपासूनची, जिची चर्चा मराठी साहित्याने भरपूर केली. दुसरी ओझ्यापासूनची, जिची चर्चा फार थोडी झाली. आज वरोर, चिंचणी, वाणगाव ह्या परिसरातून महाविद्यालयात येणाऱ्या मुलीच्या पाठीवर मोकळे केस दिसत असतील, तर त्यामागे फोनवरच्या युक्त्यांइतकाच घरी आलेला नळ, गॅसची शेगडी आणि डोक्यावरून उतरलेली मोळीही आहे. जिथे ही उतरलेली नाहीत तिथे अंबाडाही सुटलेला नाही.

आजची घाई

आता त्या झटपट युक्त्यांविषयी. कारण त्या शिकवणाऱ्यांनी जे सांगायला हवे ते पुष्कळदा राहून जाते. सर्वांत निर्धोक पद्धत आजीचीच आहे. केस न्हाऊन टॉवेलने टिपावेत, ठिबकते ओले न ठेवता जवळजवळ वाळू द्यावेत, आणि मग सैल वेणी घालून निजावे. पेडे जितके जाड तितकी लाट मोठी आणि सैल; चार–पाच बारीक वेण्या घातल्या तर वळण दाट आणि बारीक येते. मुळापासून घट्ट आवळले तर कपाळाजवळ विचित्र उठाव येतो, म्हणून वेणी कानाच्या खालून सुरू करावी. सकाळी वेणी सोडल्यावर फणी लावू नये, बोटेच फिरवावीत. वेणी नको असेल तर केसांचे दोन भाग करून प्रत्येकाला पीळ द्यावा, त्यांचे दोन छोटे अंबाडे वळावेत आणि तासाभराने सोडावेत. सुती कापडाच्या पट्टीभोवती केस गुंडाळणे हा ह्याचाच आणखी एक प्रकार.

घाई असेल आणि चिमटा वापरायचाच असेल, तर केस पूर्ण कोरडे हवेत. ओल्या केसावर तापलेला धातू टेकला की आतल्या पाण्याची वाफ होऊन केस आतून फुटतो. बट चिमट्यावरून सोडल्यावर ती निवेपर्यंत हात लावू नये. कारण आकार पक्का होतो तो तापताना नव्हे, थंड होताना. खोबरेल तेलाविषयीचा जुना विश्वासही अगदी निराधार नाही. रेळे आणि मोहिले ह्यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते असे दिसून आले. पण तेल न्हाण्याआधी. लाट आणायच्या वेळी चोपडलेले केस जड होतात आणि वळण धरत नाहीत.

ह्या साऱ्या कृतीत आम्हांस विचार करण्याजोगे वाटले ते इतकेच : सरळ केसांतील सैल लाट ही मोकळ्या केसांतून कधीच जन्मत नाही. तिच्यासाठी केस आधी बांधावेच लागतात. 'मोकळ्या' सौंदर्याची ही प्रतिमा बंधनाचा ठसा घेऊनच येते. गाथेतल्या कवीला केसांचे भय कळले होते. त्या भयानंतर केसांत काय उरते, हे त्याने सांगितले नाही.

येथे कोणी म्हणेल, की मग मुक्ती ही फक्त भास ठरली. आम्हांस तसे वाटत नाही. यमूच्या डोक्यावरून फिरलेला वस्तरा आणि स्वतःच्या हाताने रात्री घातलेली वेणी ह्यांत फरक आहे, आणि तो फरक कृतीत नसून ती कोणाच्या इच्छेने होते ह्यात आहे. स्वतः बांधावे, स्वतः सोडावे, आणि उद्या पाणी ओतून पुन्हा सरळ व्हावे, एवढा अधिकार ज्या डोक्याला मिळाला ते डोके आपले आहे. तो अधिकार १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवून मान्य केला. पुष्कळ घरांनी तो त्यानंतरही दीर्घकाळ मान्य केला नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपुढे एक काम ठेवून थांबतो. किनाऱ्यावरच्या आणि डोंगरपट्टीतल्या बोलींत केस विंचरणे, गुंफणे, वळणे, सोडणे ह्यांचे जे शब्द वयस्क स्त्रियांच्या तोंडी आहेत, ते त्यांच्याकडून ऐकून, अर्थासह आणि गावाच्या नावासह उतरवून ठेवावेत. वेणी सोडल्यावर उरणाऱ्या त्या लाटेला एखाद्या पाड्यावर, एखाद्या आळीत नाव असेलही. ते नाव छापील कोशात नसणे ही त्या स्त्रियांची उणीव नाही. ती आपल्या कोशांची आहे.